दोन मांडण्या

आत्याची चप्पल याही वेळी बाद झाली. फरक एवढाच, की या वेळी तिच्यावाचून सगळ्या घराचं अडलं.

डाव्या मांडणीवर वीस जोड होते आणि उजव्या मांडणीवरही वीस. आत्याची एक चप्पल डावीकडे होती आणि एक उजवीकडे, दर निवडणुकीत असायची तशीच. मोजायला दोन जावई नेमले होते, एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा. दोघांनी एकमेकांवर डोळा ठेवून पुन्हा पुन्हा मोजलं, आणि आकडा काही केल्या हलेना तेव्हा ते दारात येऊन नुसतेच उभे राहिले.

"बरोबरी," थोरल्या पातीचा जावई म्हणाला. धाकट्या पातीच्या जावयानं मान हलवली. हे दोघं एखाद्या गोष्टीवर एकमतानं मान हलवतात, हेच मुळात नवल होतं.

माळ्यावर, म्हणजे शिडं शिवायच्या त्या लांबरुंद, बिनखांबी दालनात, चपला घालून यायची मुभा कुणालाच नव्हती. तळव्याला चिकटून आलेला एक खडा कापडाला भोक पाडायला पुरतो. म्हणून आजोबांनी दाराबाहेर दोन मांडण्या ठोकल्या होत्या: डावी थोरल्या मुलाच्या माणसांसाठी, उजवी धाकट्याच्या. मधला मुलगा जहाजावर असे, त्याच्या चपलांचा प्रश्नच आला नाही. आजोबा गेले, कारखाना कुणी चालवायचा यावरून भावाभावांत जुंपली, आणि कुणीतरी वैतागून म्हणालं, बाहेर चपला मोजा. तेव्हापासून दर पाच वर्षांनी घरातली सगळी मोठी माणसं एका सकाळी आपापली चप्पल हवी त्या मांडणीवर काढून आत येत. ज्या मांडणीवर एक जोड जास्त, त्या पातीकडे चाव्या आणि कापड कापायच्या लांब फळ्याजवळच्या पाचही तिवया, म्हणजे काय शिवायचं ते ठरवायचा हक्क. हरलेल्यांनी पाच वर्षं सांगितलेलं काम करायचं आणि तोंड मिटून राहायचं.

थोरल्यांकडे चाव्या असल्या की शिडं शिवली जात आणि धाकट्यांची प्लॅस्टिक जोडायची यंत्रं चादरीखाली जात. धाकटे जिंकले की ताडपत्र्या आणि छतं बाहेर पडत आणि शिडाच्या लांब सुया तेल लावून पेटीत पडत. अर्धा कारखाना कायम झोपलेला असे, फक्त कूस बदलत असे.

आणि उत्तरेच्या खिडकीखाली दुरुस्तीचा कोपरा होता. तो मधलीचा, म्हणजे जहाजावर वारलेल्या मधल्या भावाच्या बायकोचा.

मधली आत्ताही तिथंच बसली होती, तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून. मांडीवर शिडाची एक घडी होती. शिकाऊ खलाशांच्या जुन्या जहाजाचं ते मुख्य शीड. ज्या जहाजावर नवऱ्यानं आयुष्य काढलं, त्याचंच. तीन वर्षं ती ते घडीघडीनं सांधत होती. एक घडी उलगडायची, शिवायची, मिटायची, दुसरी ओढायची. सगळं एकदम पसरायला जागा कधी मिळालीच नाही, कारण मजल्याचा अर्धा भाग एका पातीचा आणि अर्धा दुसऱ्या पातीचा. आता एक कडा तेवढी राहिली होती. आणि आज जो जिंकेल तो हा कोपरा बंद करणार होता. थोरले म्हणत, जुनं सांधून दिलं तर नवं शीड कोण घेणार? धाकट्यांना इथं मोठं जोडयंत्र बसवायचं होतं. शीड अर्धवट राहिलं तर त्याच्या चिंध्या होणार, हे ती जाणून होती. तरीही सकाळी तिला चप्पल कुठंतरी काढावी लागली होती. डावीकडे जागा दिसली म्हणून तिनं डावीकडे काढली. आपला गळा कापणाऱ्या दोघांतून एक निवडायचा, याला निवडणूक म्हणतात हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"ताई, आता एक चप्पल उचल आणि कुठं ठेवायची ती ठेव," थोरले भाऊ आत्याला म्हणाले. "तुझ्यासाठी सगळे ताटकळलेत."

आत्या दोन्ही भावांहून मोठी. आजवर तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, त्यामुळं ती हे मागणं थोडं चाखून बघत होती.

"इतकी वर्षं माझी चप्पल मोजत नव्हतात," ती म्हणाली. "आज बरी आठवण झाली."

"एक पाय इकडं, एक तिकडं," धाकटे म्हणाले. "असं मत असतं का कुठं?"

"माझं आहे. शिडं शिवावीत असं मला वाटतं. आणि तुझी यंत्रं पाच-पाच वर्षं झाकून ठेवू नयेत असंही वाटतं. यात बाद होण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी एकदा सांगा."

तेवढ्यात थोरल्यांची मुलगी उठली. ती शाळेत गणित शिकवायची आणि सगळं घर, अगदी बापसुद्धा, तिला मास्तरीण म्हणायचं.

"बाबा, मी मागच्या वेळी बोलले होते तेच पुन्हा बोलते. तिवया पाच आहेत. जोड एक्केचाळीस. म्हणजे साधारण आठ जोडांमागं एक तिवई. ज्यांची जितकी माणसं तितक्या तिवया द्या. आणि मांडण्या दोनच कशाला? ज्यांना जे पटतं त्यांनी त्याची रांग लावावी."

"आणि निर्णय कोण घेणार?" थोरल्यांनी आवाज चढवला नाही. "शीड कापताना कात्री एकाच हातात असते, मास्तरीण. आज माझं चुकलं तर मला धरता येतं. पाच वर्षांनी चपला हलवून मला खाली बसवता येतं. पाच जणांनी मिळून चूक केली, तर कुणाला धरणार तू? प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवणार."

हे खरं होतं. मास्तरणीलाही ते कळलं. वर्गात ती फळ्यावर हे गणित सहज सोडवून दाखवी. पण तिथं समोर बाप नसे.

"धरायला एक माणूस राहणार नाही, हे मान्य," ती म्हणाली. "पण आत्ता काय होतं बाबा? एक जोड कमी पडला की वीस माणसं पाच वर्षं नसल्यासारखी होतात. ती रोज इथं येतात, राबतात, आणि नसतात."

"आणि एक तिवईवाला अडून बसला तर?" धाकटे म्हणाले. "चार जणांना वेठीला धरेल तो."

"मी आत्ता एका चपलेनं चाळीस जणांना धरलंय," आत्या म्हणाली. "तेही तुमच्याच पद्धतीत."

दोन्ही भिंतींना पातीपातीनं बसलेल्या माणसांत हसू फुटलं. धाकटे हसले नाहीत. गेल्या दोन्ही वेळा ते हरले होते. दहा वर्षं त्यांची यंत्रं चादरीखाली होती, आणि रोज सकाळी ते ती चादर नीट करत, जणू खाली कुणी आजारी माणूस झोपलंय. आज त्यांना वाटलं होतं, आपली पाळी आली. पाळी तोंडाशी आलेल्या माणसाला ही पद्धत जुलमी आहे हे पटवणं फार कठीण असतं. जिंकल्यावर दादाला कसं वागवायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

ते उठले आणि थोरल्यांच्या कानाशी लागले. "दादा, जरा इकडं येतोस?"

दोघं भाऊ समुद्राकडच्या खिडकीत गेले. मास्तरीण बघत राहिली. बाबा आणि काका डोक्याला डोकं लावून बोलताहेत, हे दृश्य तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. काकांनी बोलता बोलता बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबांनी तो झटकला नाही. दोन्ही भिंतींकडची माणसं टक लावून बघत होती. काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. मास्तरणीला वाटलं, चाव्या गेल्या खड्ड्यात, आजचा दिवस एवढ्यासाठीसुद्धा सार्थकी लागला.

मग ते दोघं फळ्यापाशी आले.

"आमचं ठरलं," थोरले म्हणाले. "अडीच वर्षं मी, अडीच वर्षं हा. माझ्या वेळी पाचही तिवया माझ्या, याच्या वेळी पाचही याच्या. ताईनं चप्पल हलवायची गरज नाही."

"आणि उत्तरेचा कोपरा उद्या रिकामा करायचा," धाकटे म्हणाले. "त्यावर आमचं दोघांचं एकमत आहे."

मधलीची सुई कापडात तशीच उभी राहिली. इतकी वर्षं ती म्हणत आली होती, या दोघांचं एकदा तरी जुळू दे. जुळलं, आणि पहिला घाव तिच्यावरच पडला.

थोरल्यांची बायको उठली. घरात तिला मोठी म्हणत. ती आजवर या सभेत कधी बोलली नव्हती. तिची चप्पल डाव्या मांडणीवर सगळ्यात वर, नवऱ्याच्या चपलेशेजारी असायची, आणि दोन्ही जावई ती न बघताच मोजत. ती दाराबाहेर गेली. तिनं आपली चप्पल उचलली. ती उजवीकडे जाणार असंच सगळ्यांना वाटलं. डाव्या मांडणीवरून उचललेल्या चपलेनं दुसरं कुठं जायचं असतं?

मोठीनं ती दोन्ही मांडण्यांच्या मधे, उघड्या फरशीवर ठेवली.

"तुमचं दोघांचं इतक्या सहज जमत होतं," ती आत येऊन नवऱ्याला म्हणाली, "तर आम्हाला इतकी वर्षं दोन भिंतींना का उभं केलंत?"

उत्तराची वाट न बघता ती सरळ उत्तरेच्या खिडकीखाली गेली आणि मधलीशेजारी बसली. "मला एक सुई दे," ती म्हणाली.

मग धाकट्यांची धाकटी सून उठली. पाळी आली की यंत्रावर तीच बसणार होती, सासऱ्यांची हक्काची. बाहेर जाऊन तिनं उजव्या मांडणीवरची आपली चप्पल काढली आणि मोठीच्या चपलेमागं ठेवली. तिच्यामागून डावीकडचा एक जोड उतरला, तो मधलीचा. मग उजवीकडचा. कुणी भाषण केलं नाही, कुणी कुणाला खुणावलं नाही. माणसं एकेक करून दाराबाहेर जात होती, आपल्या चपलेपाशी क्षणभर थांबत होती आणि मग ठरवत होती. बरीचशी आपली चप्पल होती तिथंच ठेवून परतत होती. पण तीही जाऊन, बघून, पुन्हा ठरवून येत होती. मांडण्या ठोकल्यापासून हे कधी घडलं नव्हतं. पातीत जन्म घेतला की चप्पल आपोआप ठरत असे.

मास्तरीण दारात उभी राहून बघत होती. हे गणित तिनं मुलांना शेकडो वेळा शिकवलं होतं. पण हीच ती माणसं, ज्यांना आपण आपलं घर म्हणतो, ती आतून अशी आहेत, हे तिला कुठल्याही आकड्यानं सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तिला हे घर दोन भिंतींचं माहीत होतं. आज पहिल्यांदा ते खोल दिसलं. तिनं स्वतःची चप्पल मात्र डाव्या मांडणीवरून हलवली नाही. तिला शिडं हवी होती, आणि त्यात बाबाच खरे, असं तिला मनापासून वाटत होतं. थोरल्यांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

शेवटी आत्या गेली. तिनं डावीकडची चप्पल उचलली, उजवीकडची उचलली, आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. कुठल्याच रांगेत नाही, सगळ्यांपासून जरा अलग, उंबऱ्याजवळ. इतक्या निवडणुकांत त्या दोन चपला आज पहिल्यांदाच जोडीनं बसल्या होत्या.

जावयांनी पुन्हा मोजलं. उजवीकडे सतरा, डावीकडे पंधरा, मधल्या रांगेत आठ, आणि उंबऱ्याजवळ एक.

"सतरांना दोन तिवया," मास्तरीण म्हणाली. "आठांना एक. पंधरांना पहिली मिळते, दुसरीला एक जोड कमी पडतो. पण उरलेल्यांत सर्वांत जास्त तेच, म्हणून पाचवी त्यांचीच." ती आत्याकडे वळली. "आत्या, एका जोडाला तिवई नाही मिळत गं. या पद्धतीतसुद्धा नाही."

"ते मला ठाऊक आहे. मोजलास का?"

"मोजला."

"मग झालं तर," आत्या म्हणाली आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसली.

थोरले अजूनही उभेच होते. अडीच-अडीच वर्षांचा करार कुणी मोडला नव्हता, त्याला कुणी नावही ठेवलं नव्हतं; फक्त तो ज्यांच्या जोरावर केला होता ती माणसं आता त्याच्याखाली उरली नव्हती. ते दाराबाहेर आले. इथली प्रत्येक चप्पल ते ओळखत होते. कुणाची टाच कुठं झिजते, कुणाचा अंगठा कसा तुटतो, सगळं. आपल्या बायकोची चप्पल मधल्या रांगेत सगळ्यात पुढं होती. हे आपल्याला कधीच कळलं नसतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि राग यायच्या आधीच त्यांना एक विलक्षण आश्चर्य वाटलं. एवढी माणसं. आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी होतं.

दोन तिवया इकडं, दोन तिकडं आणि पाचवी मधल्या रांगेची, आणि त्या रांगेनं ती मधलीला दिली. म्हणजे ती जिकडे झुकेल तिकडे कारखाना. हे दोन्ही भावांना एकाच क्षणी उमगलं.

"वहिनी, इथं उजेड चांगला आहे, इकडं बसा," धाकटे तिवई सरकवत म्हणाले.

"फळ्याच्या डोक्याशी बस तू," थोरले दुसरी तिवई पुढं करत म्हणाले.

मधली बसली नाही. दोन तिवयांच्या मधे ती उभी राहिली, तळहाताचा पट्टा अजून तसाच. आता ही काय मागणार, म्हणून दोन्ही भावांनी मनाची तयारी केली. वेठीला धरणं म्हणतात ते हेच.

"मला मजला हवाय," ती म्हणाली. "सगळा. आज एक दिवस."

चादरी निघाल्या, यंत्रं ढकलून भिंतीला लागली, फळा दहा जणांनी उचलला. मजल्याच्या मधोमध आखलेली पातीपातीची रेघ उघडी पडली. मग मधलीनं घड्या उलगडायला सुरुवात केली. एका कडेला थोरल्या पातीची माणसं, दुसऱ्या कडेला धाकट्या पातीची, सगळी गुडघ्यांवर बसून, अनवाणी, ओढत होती. शीड उलगडत गेलं. मजल्यावरची रेघ झाकली गेली. शीड या भिंतीला लागलं, त्या भिंतीला लागलं, तरी कोपऱ्यात घड्या शिल्लकच होत्या. दोन्ही जावयांनी दाराबाहेरच्या मांडण्या भिंतीवरून उपटल्या, चपला जिन्यात नेल्या, आणि शिडाचं टोक उंबरा ओलांडून बाहेर गेलं.

माळ्यावर डांबराचा आणि खाऱ्या पाण्याचा वास पसरला. खिडक्यांतून ऊन येत होतं आणि त्या तपकिरी, विटक्या, ठिगळाठिगळांच्या कापडावर पडत होतं. शिडं शिवण्यात आयुष्य गेलेली माणसं भिंतींना चिकटून उभी होती आणि बघत होती. एवढं मोठं कापड त्यांनी तुकड्यातुकड्यांनी खूप शिवलं होतं. अख्खं कुणीच पाहिलं नव्हतं. आजोबांनंतर हा मजला कधी अख्खा झालाच नव्हता. मधलीनं तोंडावर हात ठेवला होता. तीन वर्षं आपण ज्याच्या घडीत राहिलो ते हे एवढं आहे, हे तिलाही आजच दिसत होतं.

थोरले कडेकडेनं गुडघ्यांवर सरकत शिवण तपासत निघाले. सवयीनं, बोटांनी. मधलीचा टाका बारीक, घट्ट. मनात त्यांनी तिला दाद दिली. शिडाच्या मध्यावर त्यांचं बोट थांबलं. एका ठिगळाचे टाके जाड दोऱ्याचे होते आणि उलट्या बाजूला कललेले.

अशा टाक्यावरून वडील फार चिडत. समोरासमोर बसून शिवताना डावखुऱ्याचा हात दुसऱ्याच्या हातावर आदळतो, हा टाका माझ्या फळ्यावर चालणार नाही, असं म्हणत. म्हणूनच त्यांचा मधला मुलगा जहाजावर गेला होता.

"धाकट्या," थोरल्यांनी हाक मारली. "इकडं ये."

धाकटे पलीकडच्या कडेनं आले आणि त्या ठिगळासमोर गुडघ्यांवर बसले. थोरले बोट ठेवून एकेक टाका मोजत होते, उगाचच.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी मान वर न करता मधलीला विचारलं.

"पहिली घडी उघडली त्या दिवसापासून."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

मधली त्या दोघांच्या मधे येऊन बसली.

"सांगायला मी रोज यायचे, भाऊजी. पण डावीकडं चप्पल काढून सांगितलं असतं तर ते धाकट्या भाऊजींना पटलं नसतं, आणि उजवीकडं काढून सांगितलं असतं तर तुम्हाला. आणि हे तर तुमच्या दोघांचेही भाऊ होते."